ज्या कोणाचा होडीशी संबंध असेल

सोमवार, ४ मार्च

शनिवारी मी या वहीत लिहिलं की आमची होडी आजोबांनी विकत घेतली. ते चूक आहे. बरोबर असं : आजोबांनी होडी विकत घेतली असं बाबा म्हणतात. या दोन वाक्यांत किती फरक आहे ते मला आज कचेरीत कळलं.

कारकुनाने खरेदीची पावती मागितली. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. घरी विचारलं.

"कसली पावती?" बाबा म्हणाले.

"आजोबांनी होडी कुणाकडून घेतली?"

"ते गेले."

"कोण?"

"ज्यांच्याकडून घेतली ते."

"त्यांचं नाव काय होतं?"

"गेलेल्या माणसाला कशाला कामाला लावतेस?"

आई भांडी घासत होती. तिने एक पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं. आत्या खिडकीपाशी तुटका दोर सांधत बसली होती, तिने मान वर केली नाही.

भीती वाटते म्हणून नियम पुन्हा लिहून ठेवते. एक एप्रिलपासून ज्या होडीवर सरकारी नंबर रंगवलेला नसेल, तिने उतारू घ्यायचे नाहीत. नंबर हवा तर मालकीचा पुरावा हवा. बाबा नदीच्या या काठावरचे उतारू त्या काठाला नेतात आणि तिकडचे इकडे आणतात. घरात दुसरी कमाई नाही. मी नोकऱ्यांसाठी अर्ज करते, पण ती कमाई नव्हे, टपालखर्च आहे.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं माझ्यासमोर येतं. मागे एकदा शेजारच्या काकूंनी सुनेचा फोटो पुढे करून विचारलं होतं, "हिच्या मनात काय आहे ते जरा वाच गं." मला अक्षरं वाचता येतात म्हणजे सगळंच वाचता येतं असं आमच्या लोकांना वाटतं.

मंगळवार, ५ मार्च

पुन्हा कचेरी. कारकून चांगला माणूस आहे, पण घाई करतो.

"पावती नसेल तर 'वडिलोपार्जित' लिहा आणि खाली सही करा. निम्म्या नदीने तेच लिहिलंय."

"पण ते खरं आहे का, मला माहीत नाही."

"बाई, होडी तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे."

"कुणी मागायला आलंय?"

"नाही. पण आम्ही कुणाला विचारलंही नाही."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले, तर मी होतेच.

मग त्याने दुसरा मार्ग सांगितला. दोन्ही धक्क्यांवर दहा दिवस जाहीर सूचना लावायची. कुणी हरकत घेतली नाही, तर ज्याच्या ताब्यात होडी, त्याच्या नावावर नंबर. नमुना त्याने दिला : 'या होडीवर ज्या कोणाचा हक्क असेल त्याने कळवावे.' मी घरी येऊन मोठ्या अक्षरांत उतरवला. पण 'हक्क' हा शब्द मला फार दरडावणारा वाटला. एखाद्या साध्या माणसाचं होडीवर काही निघत असेल, तो बिचकून गप्प बसला तर? म्हणून मी सुधारून लिहिलं : 'हक्क, हिस्सा किंवा संबंध असेल, मग तो लहानसा का असेना.' खाली आमचा पत्ता दिला आणि 'संध्याकाळी यावे' असं घातलं, म्हणजे लोकांचं काम बुडायला नको.

बाबांनी मला पैलतीरावर सूचना लावायला नेलं. उतारूंनी नेहमीप्रमाणे बाक घट्ट धरले, होडी धक्क्याच्या खांबावर दाणकन आपटली, मग आम्ही उतरलो. होडी लागली हे त्यावरूनच कळतं.

आत्यालाही आज पलीकडे जायचं होतं, पण ती पुलावरून गेली. पुलावरून जायला अर्धा दिवस मोडतो. तिला बोट लागते, असं मला लहानपणापासून सांगितलेलं आहे.

शुक्रवार, ८ मार्च

लोक यायला लागले.

पहिले सुतारकाका. दारातच चपला काढून म्हणाले, "हे बघ मास्तरीण, मला काही नको. पण तू एवढं मोठ्या अक्षरांत बोलावलंस, आलो नाही तर ते बरं दिसलं नसतं. तळाच्या सगळ्या फळ्या माझ्या हातच्या आहेत. एवढी नोंद घे."

मी घेतली.

"पहिली फळी बसवली तेव्हा तुझी आत्या डोक्यावर उभी होती. म्हणे, खिळा वाकडा गेला तर तुम्हाला पण पाण्यात सोडेन. काय तोंड होतं पोरीचं!"

हा भाग होडीच्या मालकीशी संबंधित नसल्याने घेतला नाही.

त्यांच्यामागून मामा आला. इंजिन त्याच्या विहिरीवरच्या पंपाचं. आईच्या लग्नानंतर त्याने ते दिलं, 'वापरायला' की 'कायमचं' हे तेव्हा बोलणं झालं नव्हतं. आज झालं. आई आणि मामा अजून बोलताहेत, मी आतल्या खोलीत येऊन लिहिते आहे.

रविवार, १० मार्च

आज खुर्च्या कमी पडल्या. शेजारच्या काकूंकडून आणल्या, तर खुर्च्यांबरोबर काकूही आल्या. त्यांचाही संबंध निघाला. त्यांचा थोरला मुलगा नदीच्या मधोमध या होडीत जन्मला.

"अर्ध्या वाटेत कळा सुरू झाल्या. मी ओरडतेय, वर पाऊस, आणि तुझी आत्या मला म्हणते, गप पड, मला प्रवाह ऐकू येत नाही. पण अशी नेली होडी, अशी नेली, की धक्क्याला लागली ते पोराला कळलंसुद्धा नाही."

मी विचारलं, मग नेमका दावा काय? काकू म्हणाल्या, दावा कसला बाई, आठवण आहे. मी 'आठवण' असा वेगळा रकाना आखला.

मग निवृत्त मास्तर आले. हे मलाही शिकवायला होते. नोकरीची सगळी वर्षं ते रोज या होडीने शाळेत गेले, डावीकडच्या दुसऱ्या जागेवर बसून. त्या जागेची नोंद व्हावी अशी त्यांची विनंती आहे. "मालकी नको. वहिवाट लिही. आणि वहिवाटमधला 'हि' ऱ्हस्व."

तिथेच एका उतारूने आवाज चढवला, की डावीकडची दुसरी जागा गेली कित्येक वर्षं त्याची आहे. दोघांची जुंपली. बाबांनी चहा करायला सांगितला. आईने बाबांकडे पाहिलं. चहा बाबांनी केला.

बुधवार, १३ मार्च

बाबांचा संयम संपला.

"तुला नंबर काढायला सांगितला होता. तू वाटण्या करायला बसलीस."

"पण बाबा, कुणालाच होडी नकोय."

"नकोय ना? मग रोज संध्याकाळी माझ्या घरात काय करतात?"

"सांगून जातात."

"काय सांगतात?"

मी वही वाचून दाखवायला घेतली, तर ते उठून बाहेर गेले. मला वाटतं त्यांना कागदांचा कंटाळा आहे. फळ्या, इंजिन, जागा हे सगळं ते ऐकून घेतात, पण कुणी जुन्या दिवसांतलं बोलायला लागलं की त्यांना नेमकं तेव्हाच होडीचा दोर तपासायचा असतो.

शुक्रवार, १५ मार्च

सूचनेचा शेवटचा दिवस. आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

मास्तर 'वहिवाट' बरोबर लिहिलं का ते बघायला आले होते. सुतारकाका, मामा, काकू होतेच. आता ते रोजच येतात. मी सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या आणि म्हटलं, हरकत कुणाचीच नाही, तेव्हा उद्या बाबांच्या नावाने अर्ज लिहिते.

मास्तर म्हणाले, "आणि तुझ्या आत्याची नोंद?"

मी म्हटलं, "तिचा काय संबंध?"

मामाने बशीतला चहा तसाच खाली ठेवला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हिला कुणी सांगितलंच नाही."

आत्या खिडकीपाशीच होती. दोरावरून नजर न काढता म्हणाली, "पत्त्यावर संध्याकाळी यावे, असं लिहिलंय म्हणे. मी पत्त्यावरच राहते. मला कुठून यायचं?"

मग हळूहळू कळलं. सगळ्यांनी एकाच वेळी सांगितल्यामुळे वेळ लागला. आजोबांनी होडी विकत घेतलीच नव्हती. मोठा पूर आला होता तेव्हा ती रिकामी, उलटी वाहत आली. आत्या तेव्हा माझ्याहूनही लहान होती. तिने पोहत जाऊन दोर बांधला आणि होडी काठाला ओढली. आजोबा म्हणाले, ज्याची त्याला देऊन ये. ती नदीच्या वरच्या अंगाला गावोगाव विचारत गेली. कुणाचीच निघाली नाही. मग तिने सुतारकाकांकडून ती नीट करून घेतली आणि उतारू न्यायला लागली. बाबा लहान होते. होडीतलं पाणी उपसायला ती त्यांना बरोबर न्यायची. बाबा मोठे झाले तेव्हा आजोबा म्हणाले, आता हा चालवेल. पोरीने किती दिवस चालवायची. आणि त्यानंतर कुणी विचारलं की ते सांगायचे, मी विकत घेतली.

या खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मी मात्र जन्मापासून याच घरात राहते.

"बाबा, हे खरं आहे?"

बाबा दोर तपासायला गेले होते.

सोमवार, १८ मार्च

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. सापडलेली होडी म्हणून लिहिलं आणि सरकारने ती बेवारस म्हणून नेली, तर? न लिहावं, तर अर्जाच्या शेवटी 'मजकूर अर्जदारास वाचून दाखवला, तो खरा आहे' असं छापलंय आणि त्याखाली सही माझी आहे.

कचेरीत गेले.

"समजा," मी म्हटलं, "एखादी होडी पुरात वाहत आली..."

"ही एखादी होडी तुमचीच ना?"

"समजा."

कारकुनाने पेन ठेवलं. पहिल्यांदाच घाई केली नाही. म्हणाला, इतकी वर्षं झाली, सूचना लावली, मूळ मालक आला नाही, तेव्हा ती आता बेवारस नाही. जिने बांधून आणली तिच्या नावावर होईल, पण अर्ज तिनेच करायला हवा. "दुसऱ्या कुणी माझी म्हणून लिहिलं आणि पुढे कुणी तक्रार केली, तर नंबर रद्द होतो. आणि तुम्ही तर अख्ख्या गावाला घरी बोलावून साक्षीदार करून ठेवलंय."

मी विचारलं, मग बाबा? त्याने अर्जाचं मागचं पान उलटलं. तिथे 'चालक' असा रकाना आहे. मालक वेगळा आणि चालक वेगळा असू शकतो. चालकाने मोठ्या धक्क्यावर साहेबांसमोर होडी लावून दाखवायची, एवढंच.

"न आपटता," तो म्हणाला.

"न आपटता म्हणजे?"

"म्हणजे न आपटता."

येताना मी धक्क्यावर मुद्दाम थांबून दुसऱ्या होड्या बघितल्या. मला या विषयावर आता काही लिहायचं नाही.

बुधवार, २० मार्च

घरात सांगितलं.

"मग मी कोण?" बाबा म्हणाले.

"चालक."

"इतकी वर्षं मालक होतो."

"चालक?" आत्या म्हणाली. "आधी त्या खांबाला विचारा."

बाबा जेवणावरून उठले. आत्या मला म्हणाली, "लिही त्याचंच नाव, मास्तरीणबाई. माझं नाव घेऊन मी काय करू? उशाशी ठेवू?"

"पण आत्या, ते खरं नाही."

"घरात सगळंच खरं बोलायचं झालं तर माणसं जेवतील कधी?"

नंतर आई मला एकटीला म्हणाली, "या दोघांनी ही एक गोष्ट कधी काढली नाही, म्हणून घर चाललंय. तू शाळा शिकलीस ती ह्याच होडीवर. एक तारखेला ती काठाला बांधून पडली, तर तुझं खरं घेऊन मी बाजारात जाऊ का?"

आई कधी असं बोलत नाही. मी अर्ज दोन्ही प्रकारे पेन्सिलीने लिहून ठेवले. दोन्ही सारखेच दिसतात, माझं अक्षर चांगलं आहे.

शुक्रवार, २२ मार्च

आज बाबा आणि आत्या एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मी मध्ये.

"ताईला विचार, मोठ्या धक्क्याला प्रवाह कुठून लागतो."

"त्याला सांग, पाण्यात हात घालून बघ म्हणावं."

"तिला सांग, मी नीट विचारतोय."

"त्याला सांग, नीट विचारायला इतकी वर्षं लागली."

"तिला म्हणावं, पहिल्या दिवशी मी खांबाला धडकलो तेव्हा सगळ्या उतारूंसमोर कोण हसलं? तेव्हापासून विचारलं नाही."

मी म्हटलं, "एवढंच? एवढ्यासाठी?" तर दोघंही एकदम माझ्यावर चिडले.

बाबा गेल्यावर आत्या दोर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला तेव्हा रडू येत होतं गं. माझी होडी घेऊन तो चालला होता, ती पण अशी आपटत. चारचौघांत रडण्यापेक्षा हसले." दोराला गाठ मारली आणि म्हणाली, "हे त्याला सांगायचं नाही."

हा निरोप मी अडवून ठेवला आहे. दिवसभरात तेवढाच एक.

शनिवार, २३ मार्च

सकाळी घरात दोघंही नव्हते. धक्क्यावर गेले तर होडी नदीत. बाबा सुकाणूवर, आणि पुढच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी आत्या. तिला बोट अजिबात लागत नाही.

"इंजिन बंद कर! आता!"

"केलं!"

"आता म्हणजे मघाशी! अरे धाकट्या, पाण्याला वळवू दे, तू कशाला वळतोस?"

"ताई, तू आधी खाली बस."

"मी बसले तर आज खांब वाहून जाईल."

दाणकन.

मला बघून त्यांनी आत घेतलं आणि पाणी उपसायला बसवलं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. धक्क्यावर सुतारकाका आणि मास्तर येऊन उभे राहिले. मास्तर प्रत्येक वेळी गुण देत होते. शेवटी बाबांनी इंजिन लवकर बंद केलं. होडी हळूहळू जवळ जायला लागली, इतकी हळू की मला वाटलं पोचणारच नाही. आत्याने दोर हातात घेतला, पण ओरडली नाही. खांब आला, बाजूने गेला. आत्याने दोर टाकला.

"पास," मास्तर म्हणाले.

बाबा आणि आत्या एकमेकांकडे बघत नव्हते. बाबा म्हणाले, "पाणी अजून आहे तळाला." हे मला उद्देशून होतं. तळाला पाणी नव्हतं.

सोमवार, २५ मार्च

काल होडी धक्क्याला लावताना बाबांचं चार वेळा चुकलं. आज सकाळच्या फेरीला होडी इतकी अलगद लागली की कुणी उठेना. सगळे बाक धरून वाट बघत बसले. शेवटी बाबांना सांगावं लागलं, "उतरा, आलो." एका आजीबाईंनी विचारलं, "नक्की?"

दुपारी मी अर्ज काढला. बाबा समोर येऊन बसले. त्यांनी कागद स्वतःकडे फिरवला. त्यांना वाचता येत नाही, पण मालकाचा रकाना कुठला हे त्यांना आता माहीत आहे.

"लिही तिचं नाव."

मी पेन उघडलं. आई दारात उभी होती. तिने पेनाखाली फडकं सरकवलं, डाग पडू नये म्हणून.

"पण 'चालक' जरा मोठ्या अक्षरात लिही," बाबा म्हणाले.

मी सांगितलं की रकाने सारख्याच मापाचे आहेत.

"मग ठळक लिही."

आत्या खिडकीतून म्हणाली, "लिही ठळक. लांबून लोकांना दिसू दे, म्हणजे बाक धरतील."

बाबा हसले. मी त्यांना तिच्या बोलण्यावर हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मला अजून भीती वाटते. साहेबांसमोर बाबांनी होडी आपटली तर चालक म्हणून त्यांचं नाव लागणार नाही. आत्या म्हणते, तसं झालं तर ती तिथल्या तिथे सुकाणू घेईल. म्हणजे नंबर मिळेल, पण मग बाबा घरी कसे येतील, काय बोलतील, ते मला कळत नाही. आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही. बहुधा देता येणारच नाही. एक गोष्ट मात्र मी ठरवली आहे आणि ती पेनाने लिहिते.

साहेबांनी दिलेल्या दिवशी भरती सकाळी उशिरा आहे. त्या भरतीला आम्ही चौघं होडीनेच मोठ्या धक्क्यावर जाऊ. साहेबांसमोर मी आत्याला तिचा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून दाखवीन, तो खरा आहे असं म्हणीन आणि खाली माझं पूर्ण नाव घालून सही करीन. होडी कशीही लागो. गुरुवारी, २८ मार्चला.